रिफॉर्मर पिलाटेस करताना लक्ष नेमकं ठेवायचं तरी कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
वय ४७, बैठी नोकरी, कंबर अधूनमधून धरते पण डॉक्टर म्हणाले डिस्क वगैरे ठीक आहे, व्यायाम करा. मैत्रिणीच्या नादाने बाणेरला एका स्टुडिओत रिफॉर्मर पिलाटेस सुरू केलंय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, लांबट पलंगासारखी फ्रेम, त्यावर सरकणारं कॅरेज, खाली स्प्रिंगा, पायाशी फूटबार आणि हातापायात अडकवायला दोरीचे पट्टे. आवडतंय खूप, पण मॅडम म्हणतात "माइंडफुली करा" आणि लगेच एका दमात कोअर एंगेज, रिब्स क्लोज, शोल्डर्स डाऊन, न्यूट्रल पेल्विस, अँड ब्रीद! आता श्वासाकडे बघू की पायाकडे? श्वास आठवला की गुडघे कुठेतरी जातात, गुडघे सांभाळले की श्वास रोखलेला असतो. त्यात मी योगा केलेला, तिथे श्वास घेताना पोट वर येऊ द्या म्हणायचे, इथे पोट आत ठेवून श्वास घ्या, तो जाणार कुठे? हंड्रेडला, म्हणजे उताणं झोपून डोकं उचलून हात वरखाली हलवायचे त्या प्रकाराला, मान भरून येते. आणि एकदा दमले म्हणून प्लँकला (हातापायांवर अंग फळीसारखं सरळ धरायचं ते) स्प्रिंग कमी करून घेतली तर उलट जास्तच थरथरायला लागले, हे काय गौडबंगाल? बॅचमध्ये इतकं विचारता येत नाही म्हणून इथे.

प्रतिसाद १:
ताई, सगळ्या सूचना एकदम पाळायला कुणालाच जमत नाही हो, शिकवणाऱ्यांनापण नाही. मी एका सेटला एकच गोष्ट धरते. समजा फूटवर्क आहे, उताणं झोपून फूटबार ढकलायचं ते. एक सेट नुसते तळपाय, अंगठ्याखाली आणि करंगळीखाली भार सारखा आहे का, गुडघे आत पडतायत का. पुढचा सेट नुसती कंबर, म्हणजे गुडघे वाकवून आत येताना माकडहाड गादीवरून सुटतंय का, बहुतेकांचं तिथेच सुटतं. बाकीचं त्या वेळेपुरतं सोडून द्यायचं.
आणि लक्ष ढकलण्यापेक्षा परत येण्यावर ठेवा. ढकलायला जोर सगळे लावतात, खरा व्यायाम स्प्रिंग ओढते तेव्हा तिला आवरण्यात आहे, विहिरीत घागर सोडताना दोर सरसर सुटू देत नाही ना आपण, तसं. कॅरेज स्टॉपरवर ठक्क करून आदळलं तर शेवटचं थोडं अंतर तुम्ही सोडून दिलंत. आरशापेक्षा कान जास्त खरं सांगतात, आमच्या बॅचमध्ये तर नुसती ठकठक चालू असते.

प्रतिसाद २:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही श्वास बरोबर आहेत, काम वेगळं आहे. इथे पोटाचे स्नायू कण्याला आधार देत असतात म्हणून श्वास बरगड्यांच्या बाजूला आणि पाठीकडे न्यायचा. छातीच्या खालच्या भागाला ओढणी गुंडाळून टोकं हातात धरा आणि श्वास घेताना ती दोन्ही बाजूंनी ताणली जातेय का बघा, दोन मिनिटांत कळेल. जोर लागतो तेव्हा साधारण श्वास सोडायचा, सोडताना पोटाचा आतला थर आपोआप आवळतो. पण दगड करू नका, सहज बोलता आलं पाहिजे.
न्यूट्रल पेल्विससाठी तळहात पोटावर ठेवा, ओटीपोटाच्या दोन बाजूंची पुढे आलेली हाडं आणि खालचं मधलं हाड एका पातळीत असलं की झालं.
हंड्रेड म्हणजे पाच मोजून श्वास आत, पाच मोजून बाहेर, अशा १० फेऱ्या. डोकं उचललंच पाहिजे असा नियम नाही, खाली ठेवून करा, कमीपणा नाही त्यात. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी मात्र पाठ गोल करून उचलायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

प्रतिसाद ३:
स्प्रिंगचं सांगतो. फूटवर्कमध्ये स्प्रिंग म्हणजे वजन, कमी केली की हलकं. प्लँकमध्ये तीच आधार देते, कॅरेज परत घरी आणते. ती कमी केली की कॅरेज पळायला बघतं आणि त्याला थांबवायचं काम तुमच्या पोटावर येतं, म्हणून थरथर. रंग पाठ करू नका, कंपनीगणिक बदलतात. बदलताना कॅरेज पूर्ण आत टेकलेलं असू द्या आणि एकही स्प्रिंग न लावता त्यावर पाय ठेवून उभं राहू नका, क्षणात सटकतं ते.

प्रतिसाद ४:
थोडं अवांतर. पिलाटेस हे आडनाव आहे, जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३ जर्मनीत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी याला आइल ऑफ मॅनच्या छावणीत ठेवलेलं, तिथे आजाऱ्यांच्या पलंगांना स्प्रिंगा लावून व्यायाम करवून घेतला आणि त्यातून रिफॉर्मर निघाला असं सांगतात, मला त्यात थोडा मीठमसाला वाटतो. पुढे न्यूयॉर्कला स्टुडिओ काढला. तो स्वतः या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा, म्हणजे कंट्रोल हाच मुद्दा. हल्ली ढणढण गाणी लावून घाईघाईत उरकतात त्याला मी तरी पिलाटेस म्हणणार नाही, कुणाला राग आला तर येऊ दे.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! ओढणीचा प्रयोग केला, पाठीकडून पण बरगड्या फुलतात हे मला माहीतच नव्हतं. अजून एक विचारते, पट्ट्यांत पाय घालून गोल फिरवतो तेव्हा खुब्यात कट्ट वाजतं, दुखत नाही. थांबवू का?

प्रतिसाद २ वाल्या पुन्हा:
दुखत नसेल तर बहुतेक वेळा स्नायूची दोरी हाडावरून सरकते त्याचा तो आवाज असतो. गोल लहान करा, पाय जितके खाली नेता त्याच्या निम्मेच न्या आणि टाचा जुळवून पाय किंचित बाहेर वळवून बघा. तरी वाजत राहिलं तर मॅडमना दाखवा, दुखायला लागलं तर तो प्रकार बंद करून आधी तपासून घ्या.