ईडेलहून मॅम टॉरची धार: गाडीशिवाय एका दिवसात जमेल का?

वाटाड्या_हवा: ऑक्टोबरअखेर मँचेस्टरहून इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावी रेल्वेने जाऊन मॅम टॉर या डोंगराची धार चालायची आहे. मोबाइलवरचा नकाशा पुरेल का? वाट शेतांतून जाते, कुणी अडवत नाही ना?

हिरवी_रेघ: दरीत सिग्नल भरवशाचा नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर ओएल१ हा कागदी नकाशा घ्या, प्रमाण १:२५,०००. म्हणजे नकाशावरचे ४ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. त्यातली आखूड हिरवी तुटक रेघ ही पायी जायचा कायदेशीर हक्क असलेली वाट. लांब तुटक हिरवी असेल तर घोडे आणि सायकलींनाही परवानगी. काळी तुटक रेघ मात्र फसवते: तिथे वाट दिसते एवढंच ती सांगते, हक्काचं काही नाही. उलट हिरव्या रेघेवर कधीकधी नुसतं गवत असतं, तरी तिथून जायला हरकत नाही. खांबावरचा पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा.

उलटा_होकायंत्र: परत ईडेलला उतरू नका. स्टेशनवरून दक्षिणेला होलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढा, उजवीकडे मॅम टॉर (५१७ मी.) करून त्याच वाटेने खिंडीत या. मग धारेने पूर्वेला बॅक टॉर, लूझ हिल (४७६ मी.) आणि होप गाव. होप हे त्याच मार्गावरचं पुढचं स्टेशन. अंतर दहा-अकरा किमी, चढ साधारण ४५० मी. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथचा हिशेब ताशी ५ किमी आणि दर ६०० मी. चढाला आणखी एक तास, म्हणजे तीन तास. तो न थांबता चालणाऱ्याचा, तुम्ही साडेचार धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर सूर्यास्त पावणेपाचच्या सुमाराला. हेडटॉर्च लागेलच. रविवारचं रेल्वे वेळापत्रक वेगळं असतं.

चिखलपाय: अडवत नाहीत, पण फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, मुद्दाम उघडं ठेवलेलं असेल तर उघडं. गाई आणि वासरं यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. सोबत कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याचा पट्टा सोडा, त्यांचा रोख त्याच्यावर असतो, तो पळून सुटतो.

धारेवर फरशा घातल्यात, ओल्या झाल्या की घसरतात. बॅक टॉरचा चढ छोटा पण उभा आहे. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीचं जलरोधक जॅकेट बरं.