मदत हवी आहे: चौदा वर्षांच्या मुलीच्या फोनवर लक्ष ठेवावे, पण कुठपर्यंत?

नमस्कार.

माझी मुलगी चौदा वर्षांची असून नववीत शिकते. आम्ही साताऱ्यात राहतो. घरात आम्ही दोघे, ती आणि सासू-सासरे आहोत. तिच्याकडे तिच्या बाबांचा जुना फोन आहे, आणि तो काही हौसेने दिलेला नाही. शाळेचा गृहपाठ, शिकवणीच्या बदललेल्या वेळा, प्रकल्पांच्या सूचना हे सर्व व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरच येते, त्यामुळे करोनाच्या काळापासून ‘आमच्या घरी मुलांना फोन नाही’ असे म्हणण्याची सोय बहुतेक पालकांना राहिलेली नाही. आता तिला इन्स्टाग्रामवर खाते उघडायचे आहे. तिच्या वर्गातील बहुतेक मुलींचे ते आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत ते उघडून देण्याचे आम्ही कबूलही केले आहे. मात्र त्यावर देखरेख कशी ठेवायची, यावरून घरात एकमत होत नाही.

ह्यांचे म्हणणे असे की पासवर्ड आपल्याकडे असावा आणि आठवड्यातून एकदा तिचे संदेश वाचावेत. माझे धाकटे दीर पुण्यात संगणक क्षेत्रात आहेत. त्यांनी तर तिला कळणार नाही असे एक अ‍ॅपच तिच्या फोनमध्ये टाकून देण्याची तयारी दाखवली. मुलगी म्हणते की वेळेची मर्यादा घाला, कोणाशी बोलते ते पाहा, पण मैत्रिणींशी काय बोलते ते वाचू नका. माझा कल तिच्या बाजूने आहे, तरीही मनात शंका आहेतच, आणि ज्यांची मुले या वयातून नुकतीच गेली आहेत त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

फोनवर किती वेळ जातो, हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर उपाय आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. तिथल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, त्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. तो उपक्रम मला आवडतो, कारण त्यात मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. आमच्या सासऱ्यांनी तोच नियम जेवणाच्या वेळेपुरता घरात लावला आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो (बाबांचे ‘ऑफिसचे महत्त्वाचे फोन’ वगळून). प्रश्न उरतो तो उरलेल्या वेळेत पडद्यामागे कोण आहे, याचा.

गुपचूप बसवायच्या अ‍ॅपला मी स्पष्ट नकार दिला, त्याचे कारण केवळ भावनिक नाही. अशी अ‍ॅप बहुधा प्ले स्टोअरच्या बाहेरून फाइल उतरवून टाकावी लागतात, त्यासाठी फोनमधील घातक अ‍ॅप ओळखणारे प्ले प्रोटेक्ट बंद करावे लागते आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, म्हणजे पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर त्या अ‍ॅपला वाचता येते. मग ती सगळी माहिती, मुलीच्या छायाचित्रांसह, कोणत्या तरी परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. या धंद्यातील एमस्पाय या नावाजलेल्या अ‍ॅपच्या ग्राहकांची माहिती २०१५, २०१८ आणि पुन्हा २०२४ मध्ये बाहेर फुटली. मुलीच्या सुरक्षिततेसाठी घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच हे झाले. यातील विसंगतीही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, त्यांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कंपन्यांना मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही तरतूद प्रत्यक्ष लागू होण्यास २०२७ उजाडणार आहे. कायदा ज्या पाळतीला आवर घालू पाहतो, तीच पाळत आपण पालकांनी पदरचे पैसे मोजून विकत घ्यावी, हे मला पटत नाही.

उघड देखरेखीला मात्र माझी हरकत नाही. किंबहुना ती हवीच असे माझे मत आहे. फोन दिला तेव्हाच आम्ही तिला शेजारी बसवून फॅमिली लिंक हे गूगलचे पालकांसाठीचे अ‍ॅप लावले. त्यातून कोणते अ‍ॅप किती वेळ वापरले ते कळते आणि नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी आमची मंजुरी लागते, पण संदेश वाचता येत नाहीत. इन्स्टाग्रामनेही २०२५ च्या फेब्रुवारीपासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली आहेत. असे खाते आपोआप खासगी राहते, ओळखीबाहेरच्यांचे संदेश अडवले जातात, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद असतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना हे निर्बंध सैल करायचे असतील तर पालकांची परवानगी लागते. पालकाने आपले खाते त्याला जोडले तर गेल्या सात दिवसांत मुलाने कोणाकोणाशी संदेशांची देवाणघेवाण केली त्यांची यादी दिसते. काय बोलणे झाले ते दिसत नाही. अर्थात जन्मवर्ष खोटे टाकले, किंवा दुसरे खाते उघडले, की ही सारी व्यवस्था कोलमडते, आणि हे कसे करायचे ते शाळेच्या मधल्या सुट्टीत सर्वांना माहीत असते.

माझी खरी अडचण इथून पुढे सुरू होते. आमच्या कार्यालयातील एका सहकारी ताईंनी त्यांच्या मुलीच्या खात्याची ही यादी मला दाखवली. नऊ-दहा नावे होती. बहुतेक वर्गमैत्रिणी, एक मामेभाऊ, एक कथकच्या वर्गातील ताई. मधेच एक खाते होते, ज्यावर चेहऱ्याऐवजी एका क्रिकेटपटूचे छायाचित्र होते आणि नाव म्हणजे इंग्रजी अक्षरे, दोन अधोरेषा व काही आकडे. ताई दोन दिवस ते नाव मनात घोळवत राहिल्या, पण मुलीला विचारण्याचे धाडस झाले नाही, कारण विचारले तर ती चिडेल आणि दुसरे खाते उघडेल अशी भीती होती. शेवटी ते वर्गातीलच एका मुलीचे दुसरे खाते निघाले. या वेळी निभावले, पण ते तसे निघाले नसते तर? माहिती मिळवण्याची साधने हवी तितकी आहेत. ती मिळाल्यावर तोंड कसे उघडायचे, याचे साधन कोणीच देत नाही.

संदेश वाचण्याबद्दल माझा आणखी एक आक्षेप आहे, जो ह्यांना अजून पटवता आलेला नाही. आपल्या मुलीचे संदेश वाचताना आपण दुसऱ्याच्या मुलीचेही वाचत असतो. तिच्या मैत्रिणीने घरातील भांडण, पाळीचा त्रास किंवा एखाद्या शिक्षकाची तक्रार विश्वासाने सांगितली असेल, तर ती वाचण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि वाचल्यानंतर त्या मुलीच्या आईला मी काही सांगायचे की नाही? शिवाय वाचल्यावर नाहीसे होणारे संदेश आता सर्रास पाठवता येत असल्याने, आठवड्याने तपासणाऱ्याच्या हाती निरुपद्रवी तेवढेच लागते.

एक गोष्ट थोडी कडू आहे, तरी लिहिते. माझ्या दिरांचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो रात्री उशिरापर्यंत अनोळखी लोकांशी गप्पा मारत ऑनलाइन खेळ खेळतो, आणि त्याच्या फोनला कोणी हात लावत नाही. गुपचूप पाळत ठेवण्याची सूचना आली ती मुलीच्या फोनसाठी. नको ती छायाचित्रे मागवून मग पैशासाठी धमकावणारे लोक मुलग्यांनाही तितकेच गाठतात, किंबहुना मुलगे लाजेपोटी अधिक गप्प राहतात. देखरेख ठेवायची तर ती वयाकडे पाहून ठेवावी, मुलगा की मुलगी हे पाहून नव्हे.

मी तिला १०९८ आणि १९३० हे दोन्ही क्रमांक पाठ करायला लावले आहेत. पहिला बालकांच्या मदतीचा आणि दुसरा सायबर गुन्ह्यांत पैशांची फसवणूक झाल्यास तक्रारीचा. काहीही विपरीत घडले तर आधी आम्हाला सांग, त्यासाठी तुझा फोन काढून घेतला जाणार नाही, असा शब्दही दिला आहे. फोन जाईल या धास्तीनेच मुले तोंड उघडत नाहीत असे मला वाटते. ह्यांच्या मते मात्र हा शब्द देऊन मी हातातील एकमेव शस्त्र टाकून दिले आहे.

म्हणून अनुभवी पालकांना विचारते. यादीत अनोळखी नाव दिसल्यावर आपण मुलांशी बोलणे कसे सुरू केले आणि त्याचा परिणाम काय झाला? संदेश न वाचण्याचे ठरवल्यावर, कोणती लक्षणे दिसली तर तो निर्णय मोडावा, हे मुलांना आधीच सांगून ठेवले होते का? फोन काढून घेणार नाही असा शब्द कोणी दिला असेल, तर तो पाळण्याची वेळ आली तेव्हा काय घडले? आणि आज वीस-बावीस वर्षांचे असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांनीही अवश्य लिहावे, कारण आई-बाबांची कोणती देखरेख तेव्हा जाचली आणि कोणती उपयोगी पडली, हे त्यांच्याइतके नेमके आम्हाला सांगता येणार नाही. पासवर्ड मागणाऱ्या पालकांची बाजूही मला समजून घ्यायची आहे. फक्त ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ एवढेच सांगायचे असेल, तर ते सासूबाईंकडून रोज ऐकायला मिळते.