मालवण, साल २१६४ : आपलं गाव सायफाय टेबलटॉप गेममध्ये कसं आणायचं?

देवबागकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, जरा लांब होईल.

मी मूळचा देवबागचा, शाळा मालवणात, आता नोकरीला पुण्यात. चार वर्षांपासून मित्रांबरोबर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक जण गेममास्टर, तो जग उभं करतो आणि समोर काय चाललंय ते सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी आता हे करतो' म्हणतात, आणि जिथे जमेल की नाही सांगता येत नाही तिथे फासे टाकायचे. ह्या गणपतीत घरी सगळी भावंडं जमणार आहेत, आठ-नऊ जण, तेरा वर्षांपासून पस्तीसपर्यंत, आणि मला त्यांना भविष्यातल्या मालवणात खेळवायचंय. साल मुद्दाम २१६४ घेतलंय, सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, म्हणजे तेव्हा बरोबर पाचशे वर्षं होतील.

आता अडचण अशी की तीस पानं लिहून झाली आणि काल रात्री सलग वाचली तर लक्षात आलं की हे मालवण नाहीच. काचेचे टॉवर, निऑनच्या पाट्या, सतत पाऊस, गल्लीबोळात हॅकर आणि कंपनीचे गुंड. मी फक्त भरड, धुरीवाडा, दांडी, चिवला अशी नावं चिकटवलीत. ही नावं काढून दुसऱ्या कुठल्या शहराची घातली तरी एक वाक्य बदलावं लागणार नाही आणि त्याचंच वाईट वाटतंय, कारण मला माझं गाव त्या टेबलावर हवंय.

दुसरं म्हणजे देव. आमच्याकडे गावऱ्हाटी (गावाचा देवस्थानाभोवतीचा कारभार), कौल (देवाला विचारून घेतलेलं उत्तर), गाऱ्हाणं (देवाकडे सगळ्यांनी मिळून केलेलं मागणं) ह्यांच्याशिवाय गाव दाखवणं म्हणजे मीठ नसलेली आमटी, पण ते खेळात आणलं तर घरातल्या मोठ्यांना लागेल का? आणि तिसरं, खरी माणसं घ्यावीत का? कोणी असं केलं असेल तर सांगा.

सड्यावरचा

देवबागकर, मी रत्नागिरीकडचा, दहा-बारा वर्षं गेम चालवतोय आणि पहिल्या वेळी हीच चूक केली होती. माझा सल्ला, ती तीस पानं बाजूला ठेव, फाडू नको, पण आधी एक वेगळं पान घे आणि त्यावर फक्त एवढंच लिही की तुझ्या गावात लोक कशावरून भांडतात आणि कशासाठी एकत्र येतात. यंत्रं नंतर. गावाचा चेहरा भांडणात दिसतो.

मालवणचं भांडण तर सगळ्यांना माहीत आहे, रापण आणि छोट्या जाळ्यांवर जगणारे एका बाजूला आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा घेरणारे, एलईडी लाइट लावून मासे ओढणारे दुसऱ्या बाजूला. कायदे, बंदी आदेश, आंदोलनं, सगळं होऊनही ते मिटलेलं नाही. आता हे दीडशे वर्षं पुढे ने. बोटीवर माणूसच नाही, पाण्याखालून फिरणारी यंत्रं मासळीचा थवा शोधून उचलतायत आणि दांडीच्या किनाऱ्यावर अजून एक रापण संघ शिल्लक आहे. रापण तू बघितली असशील, होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायच्या. मी लहानपणी मालवणात मामाकडे असताना नुसता दोरीला हात लावला होता तर चार बांगडे हातावर ठेवले होते, 'घे, तुझो वाटो' म्हणून. ह्या एका गोष्टीवर अख्खं सेटिंग उभं राहतं. २१६४ मध्ये त्या यंत्रांनी पकडलेल्या मासळीत वाटा कोणाचा, ज्याने दोरीला हातच लावला नाही त्याचा? तुझे खेळाडू हे भांडायला लागले की निऑनची गरज नाही.

आणि पात्रं सगळी चाकरमानी कर. खरंच सांगतो. कोणी चंद्रावरच्या खाणीत आहे, कोणी समुद्रात तरंगणाऱ्या कारखान्यात, आणि गणपतीला सगळे गावी येतायत. तुझ्या भावंडांना हे समजावून सांगावं लागणार नाही, ते आयुष्यभर तेच करतायत. रेल्वे मालवणात कधी आलीच नाही, कुडाळ नाहीतर कणकवलीला उतरून पुढे यायचं, तर २१६४ मध्येही यान कुडाळलाच उतरू दे आणि तिथून घरापर्यंतचा प्रवास हाच पहिला सीन. वाटेत गाव किती बदललं ते त्यांना खिडकीतून दिसेल, तुला वर्णन वाचून दाखवावं लागणार नाही.

भरती_ओहोटी

मी समुद्राच्या बाजूने लिहितो, कारण देवबाग असं गाव आहे की त्याचं भविष्य लिहिताना पाणी सोडून चालणारच नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी.

आकडे हवे असतील तर आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचा, २०२१ चा अहवाल घे. १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटर वाढली. पुढे २१५० पर्यंत, उत्सर्जन अगदी कमी केलं तर ०.३७ ते ०.८६ मीटर आणि असंच वाढत राहिलं तर ०.९८ ते १.८८ मीटर. हे जगाचं सरासरी आहे पण खेळासाठी पुरे. तू दीड मीटर धर. दीड मीटर ऐकायला थोडं वाटतं, पण ते रोजच्या भरतीच्या वर आहे, आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि वर वादळ आलं की काय होतं ते २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने दाखवलंच.

त्याच्याही आधी जाईल ते गोडं पाणी. वाळूच्या पट्टीत पावसाचं पाणी मुरतं आणि ते हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर थरासारखं बसतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली चाळीसेक मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटं पण तितकंच खरं, पंप लावून वरचं थोडं जरी जास्त उपसलं तरी खालून खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. म्हणजे गाव बुडायच्या कितीतरी आधी लोक विहिरीमुळे गाव सोडतील. आणि मग समोर किल्ला बघ, चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही गोड्या पाण्याच्या. पाचशे वर्षांनी परत सगळ्यांची नजर त्या विहिरींवर, ह्याच्यापेक्षा चांगला प्लॉट मला तरी सुचत नाही.

एक नियमही सुचवतो, आमच्या टेबलावर वापरलेला. भरती साधारण सहा तास चढते पण सारखी चढत नाही, पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. मालवणला चढ-उतार साधारण दोन मीटर धरलास तर मधल्या दोन तासांतच मीटरभर पाणी येतं. टेबलावर सहा शिंपल्या मांड, प्रत्येक सीनला एक उलटी कर. तिसऱ्या-चौथ्या शिंपलीला खेळाडू घाईला येतात, कोणाला काही सांगावं लागत नाही. आणि तिथीही धर, अलिबागकडे कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात, चतुर्थी म्हणजे तीनच्या सुमारास. मालवणला थोडी आधी येते. म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवशीचा खेळ खऱ्या भरतीवर चालवता येईल.

आचऱ्याचा_झील

तुझा लिवलेला वाचलंय आणि माका आमची गावपळण आठावली. दर तीन-चार वर्षांनी देवाच्या कौलान आख्खो गाव शिवेबाहेर जाता, तीन दिस तीन राती, माणसां, गुरां, कोंबडी, कुत्रे, सगळी. मागे गावात कोण म्हणजे कोण रवणा नाय. शिवेबाहेर झोपड्यो घालून रवतत, रात्री भजनां, फुगड्यो. चौथ्या दिवशी परत कौल घेवन गाव भरता.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी लहान असताना त्या तीन रात्री आमच्या घराकडे लांबून बघायचो, एक दिवा नाही, आवाज नाही, आणि तेच घर वेगळं दिसायचं. तुझ्या २१६४ मध्ये सगळी यंत्रं चालू ठेवून गाव सोडायचं की बंद करून? 'गावात कोणी राहायचं नाही' ह्या कोणीमध्ये घर सांभाळणारा रोबो येतो का? शीव राखणारी यंत्रणा येते का? हा प्रश्न मानकऱ्यांच्या बैठकीत येऊ दे आणि खेळाडूंनाच सोडवू दे. मला खात्री आहे दोन तास जातील.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. कौल फाशांवर लावू नकोस. आमच्या घरात कौल लागेपर्यंत लग्नाची बोलणी थांबलेली मी बघितलीत, माझी आई त्याच्यासाठी उपाशी बसते. देवाला पात्र करून त्याच्या तोंडी वाक्यं घालणंही नको. देवळाबाहेर जमलेली माणसं दाखव, कौल काय लागला ते मानकरी येऊन सांगतात तेवढं दाखव आणि मग माणसांनी त्याचं काय केलं ते खेळा. गाऱ्हाणं मात्र जरूर घे. खेळ सुरू करताना प्रत्येकाने गावासाठी एकेक मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते सगळ्यांचं आहे, त्यात कोणाला काही लागणार नाही.

सड्यावरचा

झीलभाऊंशी शंभर टक्के सहमत. मी आधी लिहिणार होतो की देवचार (गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती) म्हणजे दीपगृहातला एआय कर, पण हे वाचून विचार बदलला. उलटं चालेल, म्हणजे यंत्र यंत्रच आहे पण म्हातारी माणसं त्याला राखणदार म्हणतात आणि वर्षाला नारळ देतात. ते खरं वाटतं.

खऱ्या माणसांबद्दल राहिलं. वाड्यांची नावं घे, घराण्यांची नको. शेजाऱ्याचा स्वभाव उचललास तर गाव लहान आहे, संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचेल. आणि भावंडं खेळणार म्हणतोस तर घरातला जमिनीचा, वाटणीचा कुठलाही विषय आत येऊ देऊ नकोस, सातबारा निघाला की खेळ संपला. टेबलावर मधोमध एक कोरं कार्ड ठेव, ज्याला एखादा प्रसंग नको वाटेल त्याने नुसता हात लावायचा, कारण विचारायचं नाही, पुढे जायचं. तेरा वर्षांचं पोर असेल तर हे हवंच.

पायपेटी

थोडक्यात लिहिते. तुझ्या भावंडांना रोलप्लेइंग म्हणजे काय ते समजवायला परदेशी गेमची उदाहरणं देऊ नकोस, दशावतार म्हण. आख्यान कुठलं, कोण राजा आणि कोण राक्षस एवढं ठरतं, संवाद कोणी पाठ करत नाही, समोरचा जे बोलेल त्यावर उभ्या उभ्या उत्तर द्यायचं आणि रात्र काढायची. माझे आजोबा पेटीवर बसायचे, ते म्हणायचे की समोरच्याचं ऐकत नाही तो दशावतारी नाही. तुमच्या टेबलावर दुसरा नियम कुठला हवाय? आणि दोन पात्रांची टक्कर झाली की नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवतात तसं कर, दोघांनी दोन-दोन फासे टाकायचे, कमी पडेल त्याचा नारळ फुटला.

देवबागकर

सगळ्यांचे खूप आभार. गणपती झाले, खेळ झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

तीस पानांतली दोनच वापरली. लुडोचे दोन फासे घेतले, बेरीज सात किंवा जास्त आली की जमलं, म्हणजे छत्तीसमधल्या एकवीस वेळा, नवख्यांना तेवढं बरं पडतं. सुरुवात गाऱ्हाण्याने केली. सगळे आधी लाजत होते, मग आत्येभावाने मागितलं की 'आमच्या बावीचा पाणी गोडा रवांदे', आणि 'व्हय म्हाराजा' इतक्या जोरात आलं की आतून काकी बघायला आली.

कुडाळला उतरून घरी यायच्या सीनलाच पाऊण तास गेला. त्यात त्यांनी स्वतःच ठरवलं की देवबागची निम्मी घरं आता सड्यावर, जांभ्याच्या कातळावर गेलीत आणि तिथे पाऊस कितीही पडला तरी पाणी वाहून जातं, म्हणून वरच्यांना पण पाणी नाही. कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, तिथे टाक्या खोदायला एका बहिणीने ठाम नकार दिला, चित्रं फुटतील म्हणून. हे मी लिहिलंच नव्हतं. मग किल्ल्यातल्या विहिरींचा प्रश्न आला. मी कंपनीचा माणूस घेऊन आलो होतो, चांगला, नम्र बोलणारा, प्रत्येक घराला नळ देतो म्हणणारा. दोघं सही करायला तयार झाले, दोघं नाही, आणि शिंपल्या उलटत होत्या. चौथ्या शिंपलीला तेरा वर्षांचा शुभम (नाव बदललंय) म्हणाला की विहिरीचं पाणी रापणीसारखं वाटायचं, जो बादली ओढेल त्याला वाटा, आणि ज्याला ओढता येत नाही त्याचा हात नुसता दोरीला लावून घ्यायचा. मला काय बोलावं सुचेना, मी तसाच फासा त्याच्या हातात दिला. नऊ पडले.

कौल खेळात आणला नाही. गावपळण मे महिन्यासाठी ठेवलीय.

आजी पूर्ण वेळ दारात उभी होती. शेवटी आत आली, मी कागदावर काढलेल्या नकाशात आमचं घर कुठे ते विचारलं. मी म्हटलं आजी, २१६४ मध्ये तिथे पाणी आहे. ती काही बोलली नाही, पेन घेतलं आणि घरापासून बावीपर्यंतची पायवाट काढली, मधला फणस काढला, तौक्तेत पडलेले तीन माड पण काढले, आणि म्हणाली, ह्या खाली असलाच पाहिजे. आता पुढच्या खेळात ओहोटीला ती वाट उघडी पडते.

भरती_ओहोटी, एक विचारायचं होतं. मे मधला खेळ अमावस्येच्या रात्री धरतोय, तर उधाणाला सहा शिंपल्यांत चढ किती वाढवू? आणि ओहोटी जास्त आत जाईल तेव्हा ती पायवाट किती वेळ कोरडी धरू?