मदत हवी आहे: एक्सएमएल इंपोर्ट केल्यावर फक्त मोबाइलच्या क्लिपा ऑफलाइन

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला व्हिडिओ एडिट कलर करेक्शनसाठी रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचाय. प्रोजेक्ट फाइल थेट उघडत नाही म्हणून एक्सएमएल (कटांची माहिती असलेली फाइल) काढून इंपोर्ट केली, कट सगळे जागेवर आलेत पण मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपा तेवढ्या ऑफलाइन (मूळ फाइलशी तुटलेल्या) आणि रिलिंक करायला, म्हणजे परत जोडायला, गेलं की टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा नंबर) जुळत नाही म्हणतं. कॅमेऱ्याच्या क्लिपा एकदम ओके. ड्राइव्ह तोच, फाइलींची नावं तीच, टाइमलाइन दोन्हीकडे सेकंदाला २५ फ्रेमची. ईडीएल (कटांची साधी यादी) पण करून बघितली, तिच्यात एकच व्हिडिओ ट्रॅक येतो, माझे तीन आहेत. एक सलग फाइल काढून तिचेच कट पाडा असं प्लीज सांगू नका, डिझॉल्व्ह (एक शॉट विरत दुसरा येतो ते) भरपूर आहेत. मोबाइलचा फ्रेम रेट व्हेरिएबल (कमी-जास्त होणारा) असतो, माझा संशय त्याच्यावरच. आता त्या क्लिपा फिक्स २५ वर ट्रान्सकोड (कन्व्हर्ट) करून प्रीमियरमध्ये रिप्लेस केल्या तर आधीचे इन-आउट पॉइंट (क्लिप कुठून कुठपर्यंत घेतली ते) टिकतील, का तेवढे कट परत लावावे लागतील?