मदत हवी आहे: लिंगनबेरी ओळखणं आणि टिकवणं
नमस्कार मंडळी. उत्तर स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात लाल फळांची बुटकी, सदाहरित झुडपं भरपूर दिसतायत. मला ती लिंगनबेरीच वाटते, कारण पानांच्या फिकट खालच्या बाजूवर बारीक काळपट ठिपके आहेत. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बेअरबेरी या झुडपाच्या पानांवर ते नसतात, शिवाय तिचं फळ आतून कोरडं, पिठाळ असतं. पण दोन्ही झुडपं एकमेकांत मिसळलेली असली की तोडताना धाकधूक होते. आणखी कुठली खूण बघता तुम्ही?

दुसरं म्हणजे, लिंगनबेरीत फळ खराब होऊ न देणारं बेन्झोइक आम्ल मुळातच असल्याने इथे ती साखरेशिवाय, नुसत्या पाण्यात बुडवून टिकवतात. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं का? बरणी थंड तळघरात ठेवली तर हिवाळाभर चालेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, फळं पिकून तयार आहेत.