मदत हवी आहे : प्रागमध्ये तीन दिवस, क्राफ्ट बिअर आणि शाकाहारी बायको

बुडबुडा

नमस्कार मंडळी,

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. सप्टेंबरअखेर कामासाठी झेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावला जातोय (हो, स्कोडाचंच गाव). काम मंगळवारी सुरू होतंय. त्याआधीचे शनिवार, रविवार आणि सोमवार, २८ सप्टेंबर, प्रागमध्ये काढायचे असं ठरवलंय. शुक्रवारी विसर्जन आटोपून तसंच विमानतळ गाठायचा. "पितृपंधरवड्यात कुठे निघालात?" हे आईचं ऐकून झालेलं आहे, इथे पुन्हा नको.

मला क्राफ्ट बिअरचा नाद आहे. २००९ साली पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी (बिअर बनवून तिथेच विकणारी जागा) सुरू झाली तेव्हापासूनचा. त्यामुळे एक्सेलमध्ये चौदा ठिकाणं काढून ठेवलीत, रोजची साधारण पाच. बायको सोबत आहे. ती पीत नाही, शाकाहारी आहे, आणि तिला जुनी गावं पायी बघायला आवडतात. तिचं म्हणणं, "मी काय तीन दिवस तुझ्यासमोर लिंबू सरबत घेऊन बसणार का?" प्रश्न रास्त आहे. तिचं तिकीट आमच्या खिशातून आहे, तेव्हा फार महागडं सुचवू नका.

चौदांतली कोणती ठेवू, कोणती उडवू? पिल्झेनला जाऊन यावं का? तिला खायला काय मिळेल? आणि बिअरच्या नावापुढे १०, ११, १२ असे आकडे दिसतात. १२ टक्के अल्कोहोल रोज पाच ठिकाणी घेतलं तर मंगळवारी मी मीटिंगला नसेन.

नदीकाठचा

बुडबुडा भाऊ, प्रागमध्ये सात वर्षं झाली. आधी ते एक्सेल बंद करा.

आकड्यांचं सांगतो. ते अल्कोहोलचे टक्के नाहीत. बिअर आंबवण्याआधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) जो गोड रस असतो, त्यात विरघळलेला ऐवज किती, त्याचे ते अंश. १० अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण चार टक्के, १२ मध्ये पाचच्या आसपास. इथे लोक नावही घेत नाहीत. 'देसीत्का' म्हणजे दहावाली, 'द्वानात्स्का' म्हणजे बारावाली.

पुण्या-बंगळुरात आपण क्राफ्ट प्यायला जातो तेव्हा सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागवतो आणि परीक्षकासारखे एकेक घोट घेतो. इथला माणूस एका होस्पोदात बसतो (गुत्ता आणि खानावळ यांच्या मधलं काहीतरी समजा), एकच बिअर पितो आणि ती कशी ओतली आहे यावर वाद घालतो. एकाच नळातून तीन प्रकार मागता येतात. 'ह्लादिन्का' म्हणजे वर तीन बोटं दाट फेस. 'श्निट' म्हणजे मोठ्या ग्लासात थोडी बिअर, भरपूर फेस आणि वर थोडा ग्लास रिकामा. 'म्लीको', म्हणजे दूध, जवळजवळ सगळा फेसच. तो विरायच्या आत संपवायचा.

आपल्याकडे फेस दिसला की "अरे, नीट भर ना" म्हणतो. इथे तसं म्हणू नका. फेस हवा अडवतो, त्याखाली बिअर ताजी राहते. पहिल्या दिवशी काउंटरजवळ उभं राहून फक्त ओतणाऱ्याचे हात बघा. ग्लास गार पाण्यात खळबळून घेतो, नळाचं तोंड ग्लासात बुडवतो, आधी फेस सोडतो आणि मग त्या फेसाच्या पोटात बिअर. चांगल्या ग्लासात प्रत्येक घोटाची एक पांढरी कडी आतून चिकटून राहते. रिकाम्या ग्लासावर किती घोट घेतले ते मोजता येतं.

चौदाच्या जागी चार पुरे. कोणती ते रात्री लिहितो, आता ट्राममध्ये आहे.

उसाचा_फड

बिअर पीत नाही, पण अंश वाचून राहवलं नाही. आम्ही साखर कारखान्यात रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचा आकडा) काढतो, ते हेच की हो! ब्रिक्सच्या आधी बालिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अशी मोजपट्टी बनवली होती, ब्रिक्सने तीच सुधारून घेतली. हा बालिंग प्रागचाच. म्हणजे आमच्या गळिताचा आकडा आणि तुमच्या बिअरचा आकडा एकाच घरातले. चालू द्या.

नदीकाठचा

@उसाचा_फड, काका, सात वर्षं राहून हे मला माहीत नव्हतं. आता ऑफिसात फुशारकी मारतो.

तर चार जागा.

कार्लीन भागात 'द्वा कोहोउती'. अंगणातली छोटी ब्रुअरी, मातुश्का नावाच्या ब्रुअरीशी नातं असलेली. तुमची हॉप्सवाली (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) हौस इथे भागेल. मातुश्काची राप्टर ही आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) कुठेही दिसली तर सोडू नका. कार्लीन २००२ च्या पुरात पाण्याखाली गेलेला भाग, नंतर सगळा नव्याने उभा राहिला. संध्याकाळी फिरायला छान.

दुसरी, ब्र्झेव्नोवचा मठ. २२ नंबरची ट्राम थेट मठाच्या थांब्यावर सोडते. मठाची स्थापना ९९३ ची, म्हणजे आपल्याकडे यादवांचं स्वतंत्र राज्य उभं राहायच्या कितीतरी आधीची. त्याच आवारात बिअर बनते. वहिनींना मठ, बाग आणि शांतता, तुम्हाला ग्लास.

तिसरी, स्त्राहोव मठ. ट्रामने पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथलं ग्रंथालय वहिनींना दाखवाच. दारातून बघायला मिळतं, पण छतावरची चित्रं बघताना मान दुखते. बिअर शेजारच्या अंगणात. तिथून किल्ल्यापर्यंत उतारच उतार.

चौथी जागा पब नव्हे. लेतनाच्या टेकडीवर चेस्टनटच्या झाडांखाली बाकडी टाकलेली आहेत, प्लास्टिकच्या ग्लासात साधी बिअर. समोर व्लातवा नदी आणि एकामागे एक पूल. सूर्यास्ताला जा.

वेळ उरला तर विनोह्रादी भागातली विनोह्रादस्की पिवोवार.

मेथीकूट

शाकाहारी म्हणून मी सांगते, कारण वरच्या मंडळींना फेसापलीकडे काही दिसत नाहीये.

ताई उपाशी राहणार नाहीत, पण तीन दिवसांत चीज मात्र खूप होईल. 'स्माझेनी सीर' म्हणजे चीजचा जाड तुकडा, वरून पाव-चुऱ्याचं आवरण, तळलेला, सोबत बटाटे. सगळीकडे मिळतो. 'ब्राम्बोराक' म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, लसूण आणि मार्जोरम घातलेलं धिरडं. मला तर थालीपिठाची चुलत बहीणच वाटली, सोबत लोण्याचा गोळा नाही एवढंच. पण विचारून घ्या, काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात. चरबीला 'साद्लो' म्हणतात. हा एक शब्द पाठ केला तरी निम्मं काम झालं. तेलात मुरवलेलं हेर्मेलिन चीजही छान, वर कांदा-मिरची असते. लसणाच्या सुपात हॅमचे तुकडे येऊ शकतात. "मांस नाही ना?" विचारलं तर "नाही" म्हणतात, कारण काहींच्या लेखी हॅम मांसात मोडत नाही.

पिण्यासाठी कोफोला. कोलासारखं दिसतं, पण जडीबुटीचा वास असतो आणि गोडी कमी. नळावरही मिळतं. म्हणजे ताईंनाही मोठा ग्लास हातात घेऊन बसता येईल.

आणि चौकाचौकात ती गोल नळीसारखी साखर लावलेली गोड पेस्ट्री विकतात ना, 'प्राचीन झेक पदार्थ' म्हणून? प्राचीन वगैरे काही नाही, पर्यटकांसाठी आहे. खायची तर खा. मी दोन खाल्ल्या.

तिरकस_आडनाव

सव्वासहा हजार किलोमीटर जाऊन बिअर. धन्य.

नदीकाठचा

@तिरकस_आडनाव, अंतर बरोबर मोजलंत की अंदाजे?

घाटवाट

पैशांचं कोणीच बोललं नाही. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. जुन्या गावातल्या चौकाजवळच्या खिडक्यांवर पैसे बदलू नका. मी बदलले, फलकावरचा भाव एक आणि हातात पडलं भलतंच. नंतर कळलं की १००० युरोपर्यंतची अदलाबदल तीन तासांच्या आत रद्द करायचा कायदेशीर हक्क आहे, पावती दाखवून. मला कळलं तेव्हा मी विमानात होतो. एटीएममधून काढताना मशीन "तुमच्या चलनात रूपांतर करू का?" विचारतं, तिथे नको म्हणा.

पर्यटकांनी भरलेल्या मोठ्या पबांमध्ये वेटर छोट्या ग्लासांतली दारू ट्रेमध्ये घेऊन फिरतो, हसत समोर ठेवतो. ती फुकट नसते. नको म्हणून हात हलवला की निमूट जातो.

ट्रामचं कागदी तिकीट घेतलं की चढल्यावर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायचा. खिशात कोरं तिकीट म्हणजे विनातिकीट. २२ च्या ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात. गाडी भाड्याने घेणार असाल तर एक घोटही नाही, चालकाला तिथे शून्य म्हणजे शून्यच.

बुडबुडा

मंडळी, काय सुंदर माहिती! एक्सेल खरंच डिलीट केलं. (बॅकअप आहे.)

दोन शंका. उ फ्लेकू या जुन्या पबबद्दल काय मत? आणि पिल्झेनचं राहिलं.

नदीकाठचा

उ फ्लेकू : १४९९ पासूनचं. नाव आहे ते १३ अंशांच्या काळ्या बिअरचं, आणि ती खरंच चांगली आहे. गर्दी असते, अकॉर्डियन वाजतं. माझे झेक सहकारी नाक मुरडतात, पण पाहुणे आले की तेच घेऊन जातात. दुपारी जा, एक घ्या, निघा.

पिल्झेन : मुख्य स्टेशनवरून रेल्वेने साधारण दीड तास. गोष्ट माहीत असेल तर मजा जास्त. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी खराब निघालेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग गावाने नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा बिअर बनवणारा आणला. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने सोनेरी, पारदर्शक बिअरची पहिली खेप बनवायला घेतली आणि ११ नोव्हेंबरला ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. आज जगात 'पिल्सनर' म्हणून जे काही मिळतं, त्याचं मूळ तिथे. पिल्झेनचं मऊ पाणी आणि झातेत्स गावचे हॉप्स, एवढंच गुपित. ब्रुअरीच्या तळघरांत ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर थेट ग्लासात देतात. तिथे थंडी असते, स्वेटर घ्या.

पण तीनच दिवस आहेत. पिल्झेन केलंत तर कुत्ना होरा (प्रागजवळचं जुनं गाव) नाही. वहिनींना विचारा.

आणि एक महत्त्वाचं. २८ सप्टेंबर म्हणजे संत वाक्लावचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. मोठी सुपरमार्केटं कायद्याने बंद असतात. खरेदी रविवारीच उरका. पब उघडे असतात, घाबरू नका.

मेथीकूट

कार्लच्या पुलावर दिवसा जाऊ नका, मुंगीला जागा नसते. सूर्योदयाला जा, सप्टेंबरअखेर सातच्या सुमारास होतो. पायाचा दगड १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५:३१ ला बसवला असं सांगतात. १३५७९७५३१. उलटसुलट तेच. मुहूर्त काढायची हौस आपल्यालाच असते असं नाही.

विशेह्राद हा जुना किल्लाही करा. गर्दी कमी, नदीवरचं दृश्य छान, आणि द्वोर्झाक, स्मेताना हे संगीतकार तिथल्या दफनभूमीत आहेत.

बुडबुडा

परत आलो. जेट लॅगमध्ये लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस आणि पुढे मेट्रो, टॅक्सी लागलीच नाही. शनिवारी विमानातून उतरून अंघोळ केली आणि थेट लेतना. रविवारी पहाटे पूल. आम्ही दोघं, एक लग्नाचे फोटो काढणारं चिनी जोडपं आणि झाडूवाला. मग विशेह्राद, आणि संध्याकाळी द्वा कोहोउती. राप्टर घेतली. चांगली आहे, पण खरं सांगू? शेजारच्या टेबलावरच्या आजोबांची ह्लादिन्का बघून दुसरा ग्लास मीही तोच घेतला आणि मग पुढे तोच घेत राहिलो.

वेटरने टेबलावर कागदाचं चिठोरं ठेवलं होतं. प्रत्येक बिअरला पेनने एक रेघ. विचारत नाही, ग्लास संपत आला की नवा आणून ठेवतो आणि रेघ मारतो. तिसऱ्यानंतर काय करायचं कळेना. शेवटी बायकोने आजोबांचं बघून माझ्या ग्लासावर ती पुठ्ठ्याची चकती झाकली. वेटर हसला आणि बिल घेऊन आला.

सोमवारी ब्र्झेव्नोव की पिल्झेन यावर आमची चर्चा झाली. चर्चा म्हणजे तिने ब्र्झेव्नोव म्हटलं. सुट्टीमुळे मठात प्रार्थना चालू होती, आम्ही मागच्या बागेत तासभर बसलो. जेवायला तिथेच ब्राम्बोराक मिळाला. तिने आधी साद्लो विचारलं, तेल असल्याची खात्री केली आणि मग पिशवीतून घरून आणलेला लसणाच्या चटणीचा डबा काढला. वेटरने वास घेऊन बघितला. पुढच्या फेरीला बोट दाखवून चिमूटभर मागून घेतली, ती आत स्वयंपाकघरात घेऊन गेला.

@नदीकाठचा, पिल्झेन राहिलं. मार्चमध्ये पुन्हा काम निघण्याची शक्यता आहे. म्लादा बोलेस्लावहून प्रागमधल्या चेर्नी मोस्तला येणारी शेवटची बस किती वाजता असते?