स्विम-टेनिस क्लबच्या स्मरणिकेत बायलॉज छापायचे की नुसत्या ट्रॉफ्या?

पाटीपेन्सिल

स्मरणिकांच्या धाग्यावर 'सर्व्हिसलाइन' यांनी लिहिलं: "अमेरिकन उपनगरांतल्या स्विम-टेनिस क्लबांचा इतिहास तो काय! शेजाऱ्यांनी पैसे जमवले, पोहण्याचा तलाव खणला, मुलं पोहायला शिकली. साठ वर्षांनी स्मरणिका काढताना जुने फोटो आणि रिलेच्या ट्रॉफ्या पुरेत, राजकारण कशाला उकरायचं?" दोन ओळींत याचं उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

सगळी मेख "शेजाऱ्यांनी" या शब्दात आहे. शेजारी कोणाला म्हणायचं हे क्लब ठरवायचा आणि ते कागदावर असायचं. मेरीलंडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगजवळची व्हीटन-हेवन असोसिएशन घ्या. स्थापना 1958. तलावापासून पाऊण मैलाच्या वर्तुळात राहणाऱ्यांना सभासदत्व, कमाल 325 कुटुंबं. यादी भरलेली असली तरी सभासदाचं घर विकत घेणाऱ्याला पहिला हक्क. वर्तुळातल्या माणसाला कोणाची शिफारससुद्धा लागत नसे. पण वर्तुळातल्याच एका घराचा कृष्णवर्णीय खरेदीदार चौकशीला आला तेव्हा त्याला अर्जही दिला नाही. एका गोऱ्या सभासद कुटुंबाने कृष्णवर्णीय पाहुणी आणली, तर लगेच नियम बदलून पाहुणे फक्त नातेवाईक हवेत असं केलं. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हा 'खासगी क्लब' नाहीच. वंश सोडला तर निवडीची दुसरी कोणतीही कसोटी तिथे नव्हती.

हे वगळून उरतो तो फोटो अल्बम. त्याला इतिहास म्हणू नका.

सर्व्हिसलाइन

एका खटल्यावरून हजारो क्लबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता आहात. युद्धानंतर नवीन वसाहती झाल्या, तिथे तलाव नव्हते, नगरपालिका बांधत नव्हती. लोकांनी बाँड विकत घेतले, बँकेकडे जामीन राहिले आणि बांधले. ही उद्यमशीलता छापायची नाही का? आणि 325 कुटुंबांची मर्यादा हा भेदभाव कसा? तलावात माणसं मावायला नकोत? तुम्हाला प्रत्येक आकड्यामागे कट दिसतो.

फिल्टररूम

मर्यादेबद्दल सर्व्हिसलाइन यांचं बरोबर आहे. 25 मीटर बाय साडेबारा, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे साधारण 470 घनमीटर पाणी. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर तासाला 78 घनमीटर ओढणारा पंप हवा. कडक उन्हाच्या रविवारी गर्दी याच्यापलीकडे गेली की आधी संयुक्त क्लोरीन (घाम-मळाशी जोडलं गेलेलं क्लोरीन) वाढतं, डोळे चुरचुरतात, मग पाणी दुधाळ होतं. खोल भागातली गाळणीची जाळी काठावरून दिसेनाशी झाली की तलाव बंद करावाच लागतो. मर्यादा हवीच.

पाटीपेन्सिल

पंप किती जण हे सांगतो. कोण, हे सांगत नाही. मी 'किती'वर एक शब्द लिहिलेला नाही.

आणि "एक खटला" हे साफ चूक आहे. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतलं लिटल हंटिंग पार्क, निकाल 1969. घर भाड्याने देणारा सभासद आपला हिस्सा भाडेकरूच्या नावे करू शकतो, असा त्यांचाच नियम. भाडेकरू कृष्णवर्णीय निघाला तेव्हा संचालक मंडळाने मंजुरी नाकारली आणि घरमालकाने जाब विचारल्यावर त्यालाच काढून टाकलं. त्याच वर्षी आर्कान्सामधल्या लेक निक्सन क्लबचा निकाल लागला. तिथे 25 सेंटांचं 'सभासदत्व' दारावरच मिळायचं, फक्त गोऱ्यांना.

सर्व्हिसलाइन

ठीक आहे, तीन. पण 1964 च्या नागरी हक्क कायद्यात खासगी क्लबांना सूट होती. कायद्याने दिलेली सूट घेतली तर त्यात गुन्हा कसला?

पाटीपेन्सिल

म्हणूनच बायलॉज छापा म्हणते. व्हीटन-हेवन आणि लिटल हंटिंग पार्कचे निकाल मुख्यतः 1866 च्या नागरी हक्क कायद्यावर उभे होते. मालमत्ता घेण्याचा, भाड्याने देण्याचा हक्क सर्वांना सारखा, असं तो कायदा म्हणतो. या क्लबांनी सभासदत्व स्वतःच घराला बांधलं होतं. घराबरोबर पोहण्याचा हक्क येतो म्हटल्यावर तो घराच्या किमतीचा भाग झाला. खप वाढवण्यासाठी घातलेलं कलमच त्यांच्यावर उलटलं.

नगरपालिका बांधत नव्हत्या, हेही अर्धंच खरं. 21 जून 1949 ला सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव पहिल्यांदा सर्वांना खुला झाला आणि त्याच दिवशी बाहेर मारहाण झाली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने एकत्र पोहू देण्यापेक्षा आपले तलाव बंद केले आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 5 विरुद्ध 4 मतांनी चालवूनही घेतलं. खासगी क्लबांकडे ओघ का वळला, याचं एक उत्तर इथे आहे. एकमेव नाही, पण मोठं.

ओल

वाद चालू द्या. पण "शेजाऱ्यांनी खणला" यावर बोलतो, कारण स्मरणिकांत नेहमी हेच चुकीचं येतं. फावड्यांचा फोटो भूमिपूजनाचा असतो. तलावाचं कवच गनाइटचं (फवारलेल्या काँक्रीटचं) असेल तर ते हौशी माणसांचं काम नव्हे. कोरडं सिमेंट-वाळूचं मिश्रण नळीतून हवेच्या दाबाने येतं आणि पाणी नोझलशी मिसळतं. नोझल धरणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर सळ्यांच्या मागे पोकळी राहते. उडून खाली पडलेला माल काहीजण कोपऱ्यांच्या गोलाईत भरायचे. तिथे भुसभुशीत पट्टा राहतो आणि वीस वर्षांनी नेमकी तिथूनच गळती.

जुने तलाव मात्र चांगले टिकले, कारण तेव्हाचे लोक दर हिवाळ्यात ते रिकामे करून कोरडे ठेवायचे. आता कोणी कष्ट घेत नाही.

फिल्टररूम

हे कृपया कोणी वाचून अमलात आणू नका!

470 टन पाणी काढलं की खाली राहतं फक्त कवच. सहा इंच जाडी, तळ आणि भिंती मिळून सव्वाचारशे चौरस मीटर, म्हणजे वजन दीडशे टनांच्या आसपास. तळाच्या वर फक्त अर्धा मीटर भूजल चढलं तर वर ढकलणारा जोर 156 टन. तलाव होडीसारखा उचलला जातो. खोल टोक चार इंच वर येतं, पाइप कापले जातात, डेकला (तलावाकाठच्या काँक्रीटला) भेग पडते आणि नंतर तो परत जागी बसत नाही. हिवाळ्यात पाणी आतच ठेवायचं. पातळी स्किमर (वरचं पाणी ओढणारं तोंड) आणि रिटर्नच्या (गाळलेलं पाणी परत सोडणारं तोंड) खाली आणायची, पाइप हवेने फुंकून कोरडे करायचे, बूच मारायचं आणि जिथे पाणी उरण्याची शंका असेल तिथे प्रॉपिलीन ग्लायकोल, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव.

ओल

मुख्य गाळणीच्या खड्ड्यात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह कशाला असतो मग? भूजल वाढलं की तो उघडतो, पाणी आत येतं, दाब सुटतो. 1950-60 च्या रंगवलेल्या तलावांना दरवर्षी रिकामं करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. रंग सुटायचा, खरवडायचा, आम्लाने धुवायचं, वाळवायचं, मगच नवा हात. पाण्याखाली रंगवायचे का? तुम्ही प्लास्टरच्या काळातले नियम त्या काळावर लादता आहात.

फिल्टररूम

व्हॉल्व्हवर भरवसा? त्याच्या बैठकीत खडीचा एक कण अडकला की तो कायम गळतो, मग कोणीतरी कंटाळून त्यावर एपॉक्सी फासतो, आणि दहा वर्षांनी रिकामं करणाऱ्या मंडळाला तो बंद आहे हे माहीत नसतं. खालच्या खडीच्या थरात गाळ भरला असेल तर व्हॉल्व्ह नवा असूनही पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

रंगाचं मान्य. रंगवलेला तलाव रिकामा करावा लागायचा. पण ते रंगवायचे कधी? मे अखेरच्या मेमोरियल डेला तलाव उघडायचा म्हणून एप्रिलमध्ये. बर्फ वितळून आणि पावसाने भूजल सर्वांत वर असतं ते नेमकं तेव्हाच. जे टिकले ते रिकामे ठेवल्यामुळे टिकले नाहीत. त्यांच्या खालची जमीन निचऱ्याची होती.

ओल

जमिनीचा मुद्दा घेतो. पण "तेव्हाच्या लोकांना कळत नव्हतं" हा सूर मला मान्य नाही. त्यांनी डेकमध्ये उभा पाइप गाडलेला असायचा, त्यात दोरी सोडून भूजल मोजायचे. नंतरच्या मंडळांनी डेक नव्याने ओतताना तो पाइप बुजवला. दोष कोणाचा?

फिल्टररूम

पाइपबाबत तुम्ही बरोबर. बुजवणाऱ्यांचा.

कोर्ट_चार

नाव स्विम-टेनिस आणि चाळीस फूट खाली आलो तरी टेनिसचा एक शब्द नाही. प्रत्येक स्मरणिकेत हेच. तलावाची तीस पानं, शेवटी "नंतर कोर्टही झाली".

टेनिसचा इतिहास अक्षरशः जमिनीत थरांनी साठलेला आहे. कोर्ट उखडताना अस्फाल्टचा कोअर (थर दाखवणारा उभा नमुना) काढा. वरच्या ॲक्रिलिकचा प्रत्येक रंग म्हणजे एक नूतनीकरण. चार ते आठ वर्षांनी एक हात धरला तर रंग मोजून कोर्टाचं वय अंदाजे सांगता येतं आणि दोन रंगांत धूळ जास्त असेल तर मधली वर्षं क्लबकडे पैसे नव्हते. 1968 ला ओपन टेनिस सुरू झालं, म्हणजे मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांनाही खुल्या झाल्या; 1973 मध्ये गाजलेल्या स्त्री-विरुद्ध-पुरुष सामन्यात बिली जीन किंगने बॉबी रिग्जला हरवलं. त्या दशकात टेनिसची लाट आली आणि क्लबांनी घाईत कोर्टं वाढवली. जिथे तलावाच्या खड्ड्यातली माती नीट न दाबता त्यांच्याखाली पसरली, तिथे कोर्ट मध्ये खचलं. कोर्ट एकाच उतारात हवं, दहा फुटांना एक इंच, आडवं, नेटपासून दोन्हीकडे कधीच नाही. पाऊस थांबल्यावर तासाभराने सोळांश इंचापेक्षा खोल डबकं उरलं तर त्या जागी भरणी घालायची. पण भेग खालच्या पायापासून वर आलेली असेल तर फिलर एक हिवाळा टिकतो, पुन्हा तीच भेग, त्याच जागी.

आता त्याच 60 बाय 120 फुटांत पिकलबॉलची (छोट्या कोर्टावरचा बॅट-चेंडूचा खेळ) 20 बाय 44 ची चार कोर्टं आखतात. बेसलाइन कुठली हे धावताना डोळ्याला कळत नाही. पिकलबॉलचं नेट मध्ये 34 इंच, टेनिसचं 36, म्हणून दर वेळी पट्टा ओढाओढ. ज्यांना हे करायचं त्यांनी एक कोर्ट कायमचं बदलावं, सगळ्यांवर रेघा मारू नयेत.

सर्व्हिसलाइन

कोर्ट_चार, अगदी मनातलं.

पाटीपेन्सिल, एक प्रश्न. समजा क्लबचा नियम वर्णद्वेषी नव्हताच. बायलॉजमध्ये वंशाचा उल्लेख नाही. मग काय छापणार?

पाटीपेन्सिल

उल्लेख नसणं हा पुरावा नाही. व्हीटन-हेवनची कसोटीही अर्जाच्या खिडकीवर चालायची. शोधायचं कुठे ते सांगते. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात 'पाहुणे' हा शब्द शोधा. 1964 ते 1973 मध्ये पाहुण्यांचा नियम कधी आणि कितीदा बदलला? दुसरं, झोनिंगची (जमीन वापराच्या परवानगीची) फाइल. काउंटीकडे 'कम्युनिटी पूल' म्हणून परवानगी मागितली असेल तर क्लबने तिथे "सर्वांसाठी" म्हटलेलं असतं आणि नंतर न्यायालयात "आम्ही खासगी". तिसरं, करमाफी. अमेरिकन करकायद्याच्या कलम 501(सी)(7) खालच्या क्लबांसाठी 1976 मध्ये दोन गोष्टी झाल्या. लेखी नियमात वंश, वर्ण, धर्मावरून भेदभाव असेल तर करमाफी नाही. शिवाय बाहेरच्यांनी सोयी वापरल्याचं उत्पन्न एकूण जमेच्या 15 टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरलं. त्यामुळे पाहुण्यांच्या वह्या काटेकोर ठेवाव्या लागल्या. क्लबच्या कपाटात त्या असतील तर कोण कोणाबरोबर आलं हे त्या वह्याच सांगतात.

त्यात काही निघालं नाही तर "काही निघालं नाही" हेच छापा, कुठे कुठे पाहिलं त्यासकट. मला त्याचा आनंदच होईल.

सर्व्हिसलाइन

पाहुण्यांच्या वहीचं माझ्या डोक्यात नव्हतं, कबूल. वर्तुळाचा नकाशा आणि जुने बायलॉज पहिल्या पानांवर घ्यायला माझी हरकत नाही. पण बाँड घेणाऱ्यांची यादी त्यांच्याशेजारीच हवी, मागे परिशिष्टात नको. त्यांनी घरं गहाण टाकण्याची जोखीम घेतली होती.

पाटीपेन्सिल

शेजारीच घ्या. म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल की यादीतली नावं वर्तुळाच्या कुठल्या भागातली आहेत आणि कुठल्या भागातलं एकही नाही.

ओल

आणि पंपघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे रंगवण्याआधी त्यांचे फोटो घ्या. स्वच्छ फिल्टरचा दाब, बॅकवॉशची (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याची) तारीख, भूजल किती इंचावर. क्लबच्या पहिल्या वर्षांचं इतकं सलग टिपण दुसरीकडे मिळणार नाही.

फिल्टररूम

भूजलाचे आकडे सापडले तर महिन्यासकट इथे टाका. एप्रिलचे आधी.